टिकलीचं मंजन

"आधीच सांगून ठेवतो, कोणालेच खरं नाही वाटणार," गुलाबरावांनी खुर्ची पुढे ओढली, "पण तुझी टिकली आता स्वतःहून दात घासाले येते."

सुहासिनी भोपाळचं ट्रेनिंग आटोपून नुकतीच अधारतालच्या घरी पोचली होती. बॅग अजून दारातच होती. टिकली मांजर पलंगाखाली होती आणि हाका मारूनही बाहेर येत नव्हती.

जाताना सुहासिनीनं वडिलांना मांजरीचा ब्रश दिला होता, पेस्ट दिली होती. राइट टाउनच्या जनावरांच्या डॉक्टरांचं बोलणंही ऐकवलं होतं : हिरड्यांचं हे दुखणं बरं होत नसतं, सांभाळावं लागतं, रोज ब्रश फिरला नाही तर मागचे सगळे दात काढावे लागतील.

"मी सकाळी मोरीत गेलो का ही मागं. समोर बसते, आ करते. डावीकडचं झालं की मान आपली आपणच उजवीकडे. मग चूळ."

"मांजर चूळ भरते?"

"भरते म्हणजे? शेजारचे शालिग्राम भैया भिंतीवरून पाहून राहिले होते. लाजून घरात गेले अन् दात घासून आले."

सुहासिनीला हसू आलं. बाबांच्या गोष्टीतलं निम्मं सोडून द्यायचं, हे ती लहानपणीच शिकली होती. उरलेलं निम्मं मात्र आजवर खरं निघालं होतं. चूळ राहू दे, ब्रश तर फिरला असेल.

तिनं पलंगाखाली हात घालून टिकलीला ओढून घेतलं. मांजर हाताला हलकी लागली. कोपऱ्यातल्या वाटीतलं दूध तसंच होतं, वर साय धरली होती. सुहासिनीनं तिचा ओठ अलगद वर केला. हिरडी लालभडक, कडेला तपकिरी लेप. आणि वास.

तो वास कशाचा, हे तिला विचारावं लागलं नाही. तंबाखूचा आणि गुळाचा. लहानपणी तिची दाढ दुखली की बाबा बोटावर गुडाखूचा, त्यांच्या तंबाखूच्या मंजनाचा, तोच काळा गोळा घेऊन यायचे, आणि ती डोळे मिटून तोंड उघडायची. मागच्या वर्षी त्यांच्याच गालात पांढरा चट्टा निघाला, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी गुडाखू बंद करायला लावलं होतं.

"अन् शहाणी किती," गुलाबराव रंगात आले होते, "मी फक्त असं करायचा अवकाश..." त्यांनी बोट पुढे केलं.

टिकली सुहासिनीच्या कुशीत मागे मागे दबत गेली. नखं कुर्त्यातून आत रुतली.

सुहासिनीनं ती सोडवली नाहीत.

"बाबा, ही ब्रशले नाही, तुमच्या बोटाले भिऊन राहिली. गुडाखू लावलं तुम्ही हिला," ती म्हणाली. "अन् ते सोडलं, अशी शपथ तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती."