तळहाताएवढी जागा

चित्रकाराच्या बहिणीने चष्मा बदलला, टेबलावरच्या छापील चित्रावर वाकली आणि सगळं चित्र सोडून आधी खालचा डावा कोपरा पाहिला.

"इथलं कुठे गेलं?" ती म्हणाली.

छापखान्याचे मालक पेन्सिल पुढे करून उभे होते. एकशेवीस प्रती छापून, वाळवून, मध्ये पातळ कागद घालून रचून ठेवल्या होत्या. प्रत्येकीखाली बाईंनी क्रमांक घालून सही करायची, की काम फत्ते. भाऊ जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्याच्या चित्रांच्या प्रती आता तिच्या सहीशिवाय बाहेर पडत नसत. प्रदर्शन परवावर आलं होतं.

"काय कुठे गेलं, मॅडम?"

"कोरं होतं इथे. तळहाताएवढं."

मालकांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणजे इथले टचिंगवाले. मूळ चित्राचा फोटो आला की त्यातले डाग, तडे, पोपडे बुजवून टाकायचे, हे त्यांचं काम. पूर्वी ब्रशने, आता संगणकावर, पण चाळीस वर्षं तेच. त्यांच्या टेबलामागे भिंतीवर घरच्यांचा एक जुना फोटो होता, स्टुडिओत पडद्यापुढे काढलेला. छापखान्यात नवं कुणी आलं की मास्तर त्याला त्या फोटोपुढे उभं करत. यातून एक माणूस काढलाय, कुठून ते सांग! आजवर कुणाच्या बापाला सांगता आलं नव्हतं.

"रंग उडाला होता तिथला," मास्तर म्हणाले. "मी भरला. तीन दिवस लागले. राग मानू नका बाई, पण कुठे भरलाय ते भिंगातूनही दिसायचं नाही."

बाईंनी भिंग घेतलंच नाही. सरळ तळहात कागदावर ठेवला, बरोब्बर त्या जागी. उघडा हात लागला, म्हणजे ती प्रत बाद.

"उडाला नव्हता. त्याने लावलाच नव्हता," ती म्हणाली. "आम्ही ज्यू. आमच्यात घर बांधलं की दारासमोरच्या भिंतीवर थोडी जागा गिलावा न करता सोडतात. आमचं मंदिर पाडलं होतं, त्याची आठवण. झाली त्याला दोन हजार वर्षं." ती हसली. "आईला भारी लाज वाटायची त्या भिंतीची. पाहुणे आले की त्यापुढे कपाट सरकवायला निघायची. वडील सरकवू द्यायचे नाहीत. भावाने पुढे काही म्हणजे काही पाळलं नाही. उपास नाही, प्रार्थना नाही. पण प्रत्येक चित्रात एवढी जागा तेवढी सोडली."

"मला पटतंय, मॅडम," मालक म्हणाले. "गिऱ्हाइकाला कसं पटवू? छपाईत चुकलंय म्हणून दुसऱ्या दिवशी परत आणून देईल. त्यापेक्षा हे बघा ना, किती भरलेलं दिसतंय!"

"दिसतंय खरं." तिने मालकांची पेन्सिल बाजूला सारली. "बाकीच्या त्या निळ्या रंगातलं मला काही कळत नाही हो. त्याला तोंडावर सांगायचे मी. एवढा कोपरा तेवढा मला कळायचा. तोच नसेल तर हे माझ्या भावाचं कशावरून? मी नाही सही करणार."

मास्तरांना राग आला होता. तीन दिवसांची मेहनत एका तळहाताखाली गेली, तर कुणालाही येईल. ते तरातरा आपल्या टेबलाशी गेले आणि मूळ फोटो पडद्यावर मोठा करून पाहू लागले. कोऱ्या जागेच्या कडेला एकही पोपडा नव्हता. ब्रश तिथवर आला होता, थांबला होता आणि जपून मागे वळला होता. हे नवशिक्यालाही दिसलं असतं. त्यांना रिकामं दिसलं होतं आणि हात आपोआप भरायला गेला होता.

ते उठले, गठ्ठ्यातली वरची प्रत घेतली आणि बाद मालाचा फाडतात तसा तिचा कोपरा टर्रकन फाडला.

"मास्तर!" मालक ओरडले.

"अजून एकशे एकोणीस आहेत. हात लावा."

भरलेला रंग काढून टाकायला एक बटण पुरलं. तासाभरात नवी प्रत निघाली. बाईंनी कोपरा पाहिला, "हां," म्हणाल्या आणि पेन्सिल मागितली. मालकांनी सुस्कारा सोडला. बाकीच्या प्रती उद्या संध्याकाळपर्यंत होतील म्हणाले, चहा मागवला आणि गप्पांना काहीतरी हवं म्हणून भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

"आमच्या मास्तरांची करामत बघा, मॅडम. यातून एक माणूस काढलाय. ओळखा बरं कुठून!"

बाई फोटोजवळ गेल्या. आई, वडील, तरणे मास्तर आणि मागे पडदा.

"कोण होतं?" त्यांनी विचारलं.

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सगळे कुठून तेच शोधत राहायचे.

"धाकटा भाऊ," मास्तर म्हणाले. "सहा वर्षांचा. तापात गेला. आई हा फोटो पाहिला की जेवायची नाही. मी तेव्हा नुकता काम शिकलो होतो. म्हटलं, तिला त्रास नको."

"कुठे उभा होता?"

मास्तरांनी बोट उचललं. आईच्या खांद्याशी नेलं, मग वडिलांच्या पलीकडे, मग परत आईपाशी. पडद्याच्या चुण्या सगळीकडे सारख्याच होत्या.

"इथेच कुठेतरी," ते म्हणाले.