बिनबर्फाचं पन्हं

अलकनंदाने नकाशावर बाविसावं लाल टिंब दिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. लक्ष्मीबाई नगरात कावीळ पसरली होती आणि तिचा माग काढायचं आरोग्य खात्याचं काम नेमकं अलकनंदाच्याच गळ्यात पडलं होतं. नळाला दोष द्यावा, तर त्याच नळाचं पाणी पिणारे पंजाबी शेजारी ठणठणीत. आजारी पडलेल्या सगळ्या मराठी बायका. महिन्यापूर्वी चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्या एकाच घरी जमल्या होत्या. अलकनंदाच्या. ती स्वतः तेव्हा ऑफिसात होती.

पन्हं सासूबाईंनी, चंद्रप्रभाबाईंनी केलेलं. अख्ख्या कॉलनीत त्याचं कौतुक. चार दिवसांपूर्वी अलकनंदाने भीत भीत विचारलं होतं, "आई, पन्ह्यात पाणी कुठलं होतं?" तेव्हापासून सासूबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं नव्हतं. ताट वाढायच्या आणि पाठ फिरवायच्या. याच बाईने लग्नानंतर तिला डबा हातात देऊन कॉलेजात धाडलं होतं. अलकनंदाचा जीव तुटत होता. अहवालात आपलं घर लिहिलं, तर पुढच्या चैत्रात या दारी कोण येणार? आणि नाही लिहिलं, तर रोग आला कुठून हे कुणाला कळणार?

तिने नकाशा गुंडाळायला घेतला.

"थांब, लिहून घे," ओट्याकडे तोंड करूनच चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "पाणी मी उकळून गार केलं होतं. बर्फाची लादी तेवढी बाजारातली. कुमुदचा घसा बसला होता, विजयमालाची दाढ ठणकत होती, अविनाशच्या आईला गार चालत नाही. तिघींना बिनबर्फाचं दिलं. त्या कशा आहेत?"

अलकनंदाने नकाशा पुन्हा उलगडला. त्या तीन घरांवर एकही टिंब नव्हतं. म्हणजे बर्फ. मे महिन्याच्या उन्हात तोच बर्फ अजूनही गाडीगाडीवर सरबतात पडत होता.

"आई, बर्फाचा तो कारखाना सकाळीच बंद करायला लावते. पण अहवालात आपलं घर..."

"बिल्कुल लिही. सगळ्यात आधी लिही." त्या टेबलापाशी आल्या. लाल पेन्सिल उचलून त्यांनी स्वतःच्या क्वार्टरवर तेविसावं टिंब दिलं. "तुझ्यावर रागावले नव्हते गं. लाज वाटत होती."

मग चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.