पेन्सिलीचे ठिपके

चार दिवसांनी मी तापातून उठून प्रयोगशाळेत आले, इन्क्युबेटर उघडला, तर कासवाच्या चौदाही अंड्यांवरचे पेन्सिलीचे ठिपके गायब! “पुसले मी,” झाडलोट करणाऱ्या मावशी खुशीत म्हणाल्या. “किती मळकट दिसत होती! शिवाय रोज दोनदा फिरवली, आमची कोंबडी फिरवते तशी.” तळपायाची आग मस्तकात गेली. ठिपका म्हणजे अंड्याची वरची बाजू. कासवाचा गर्भ तिथेच चिकटून वाढतो. अंडं उलटलं की आतल्या आत मरतो. या अंड्यांच्या परवानगीसाठी दोन वर्षं खेटे घातले होते. “कुणी सांगितलं होतं हात लावायला?” “तुम्हीच ना, ताई! फोनवर म्हणालात, घरच्यासारखं लक्ष ठेवा.” म्हणाले होते खरं. मावशींनी पिशवीतून कापूस घातलेला बुटांचा खोका काढला. “पिल्लांसाठी. कधी निघतील?” मी पेन्सिल उचलून प्रत्येक अंड्यावर नव्याने ठिपका काढला. “आता फिरवू नका,” म्हणाले.