जिनिंगच्या फाटकावरची रांग

"एक माणूस आणि दहा जणांची टोकनं," भागवत सर म्हणाले. "ही तुमच्या प्रोग्रॅममधली चूक समजायची की सोय?"

"सोय आहे सर," निशिगंधा म्हणाली.

तिनं ते इतकं पटकन सांगितलं की स्क्रीनवर सरांच्या शेजारच्या चौकटीतल्या परीक्षक मॅडमनी मान वर करून बघितलं. ते दोघं पुण्यात, ही नांदुऱ्यात आपल्या घराच्या पुढच्या खोलीत. शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप, मागं दिवाणावर बाळाचे धुतलेले लंगोट. तेवढे कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून खुर्ची जराशी तिरपी.

नोकरी सांभाळून करायच्या एम.टेक.ची ही शेवटची तोंडी परीक्षा. मागच्या खेपेला ती नेमकी बाळंतपणात सापडली होती. आज हुकली तर पुन्हा सहा महिने थांबा. नियम सरांनी सुरुवातीलाच सांगितला होता. चौकटीत चेहरा दिसत राहिला पाहिजे. दिसला नाही की वर लाल पट्टी येते, आणि मिनिटाभरात परीक्षा आपोआप बंद. मग सरांच्याही हातात काही नाही.

प्रकल्प आपल्या नोकरीतलाच हवा होता. निशिगंधा कापसाच्या जिनिंग मिलमध्ये कॉम्प्युटरचं सगळं बघायची, म्हणून तिनं फाटकावरची कापसाच्या गाड्यांची रांग घेतली. मोबाईलवर टोकन द्यायचं, नंबर आला की पुकारायचं, उत्तर आलं नाही की नंबर कटला. पुस्तकात तसंच होतं.

"आणि पहिल्याच दिवशी अख्खी रांग गायब झाली, सर."

"म्हणजे?"

"सगळे चहाच्या टपरीवर गेले होते. आमच्याकडं गाड्या लागल्या की गावातला एक जण मागं थांबतो, सगळ्यांच्या जागा धरून. बाकीचे चहा पितात, झोपतात, बाजार करून येतात. प्रोग्रॅमनं सगळ्यांना काढून टाकलं, आणि तो एकटा बिचारा ओरडत राहिला, 'हायेत ना बे सारे, इथंच हायेत!' मग मी त्याला प्रोग्रॅममध्ये घेतला. राखण्या. तो गावातल्या सगळ्यांच्या वतीनं 'हो' म्हणू शकतो."

"उद्या हाच राखण्या दुसऱ्याचा नंबर पळवेल."

"पळवला तर संध्याकाळी त्यांच्याच ट्रॅक्टरमध्ये बसून त्याला गावात परत जायचंय, सर."

मॅडम हसल्या. सर हसले नाहीत. इंग्रजीत सुरू झालेलं बोलणं कधीच मराठीवर आलं होतं आणि आता चांगलं तापलं होतं.

"हे गावातलं उत्तर झालं. संगणकशास्त्रात जो हजर नाही, तो नाही. त्याच्या जागी दुसरा कसा काय हजर? मला पटवून द्या."

निशिगंधानं हंगामभराचा आलेख उघडला. उत्तर तिच्याजवळ होतं, चांगलं तयार होतं. आणि आतून बाळ रडलं.

झोपेचं रडणं वेगळं, हट्टाचं वेगळं. हे भुकेचं होतं. तिच्या छातीशी ओल आली. मघापासून आत गाणं म्हणणाऱ्या सासूबाई, पुष्पाबाई, बाळाला खांद्यावर घेऊन दारातच आल्या.

"माय, हा काई माह्यं ऐकून नाही राह्यला. त्याले तूच पाह्यजे."

"सर, पाच मिनिटं?"

"मी देईन हो," सर पहिल्यांदाच जरा नरमले. "पण हे मशीन देत नाही ना. तुम्ही उठलात की—"

बाळानं आईला पाहिलं आणि टाहो फोडला. निशिगंधा उठली. उत्तर कुठं पळून जात नव्हतं. बाळ मात्र आत्ताच भुकेलं होतं.

लाल पट्टी आली.

"पाज त्याले," पुष्पाबाईंनी बाळ तिच्या हातात दिलं. "मी हाय इथं."

"आई, तिथं दुसऱ्यानं बसलेलं चालत नाही..."

पण पुष्पाबाई बसल्या होत्या. समोर परका पुरुष दिसताच त्यांनी पदर कपाळापर्यंत ओढून घेतला आणि हात मांडीवर ठेवून ताठ झाल्या. लाल पट्टी गेली.

निशिगंधा आतल्या दाराच्या पडद्याआड जमिनीवरच टेकली. बाळ पदराखाली शिरलं, दोनदा हुंदकलं आणि लागलं प्यायला. पडद्याच्या फटीतून तिला सासूबाईंची पाठ आणि पलीकडं सरांचा चक्रावलेला चेहरा दिसत होता.

"आजी, आपण कोण?"

"थिची सासू."

"अहो, परीक्षा त्यांची आहे. तुम्हाला इथं बसता येणार नाही."

"मी कायले बसू साहेब? थेच बसली हाय," पुष्पाबाई म्हणाल्या. "पोराले पाजून राह्यली, येते आता. मी फक्त जागेवर हाय."

मॅडमनी तोंडावर हात धरला होता. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. निशिगंधाला वाटलं, आता ते बटण दाबतील आणि संपवतील.

दोघं आपल्याकडंच बघताहेत याचा पुष्पाबाईंना संकोच वाटला असावा. त्यांनी पदर आणखी पुढं ओढला, पार नाकापर्यंत. लाल पट्टी पुन्हा लुकलुकली.

"अहो आजी, आजी!" भागवत सर खुर्चीतून पुढं झाले. "पदर मागं घ्या जरा. चेहरा दिसला पाहिजे, नाहीतर जाईल तिचा नंबर!"

निशिगंधानं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. सावकाश.