बशीतलं भांडण

“तुमच्या पेशी सासूबाईंच्या पेशींवर अक्षरशः तुटून पडल्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सून खाली बघू लागली. शेजारच्याच खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. त्यांची एक किडनी काही वर्षांपासून सुनेच्या पोटात सुखाने नांदत होती. निदान या क्षणापर्यंत सगळ्यांचा तसा समज होता.

रक्तात परक्याशी भांडणाऱ्या पेशी असतात, तशा भांडण आवरणाऱ्याही असतात. भांडखोरांनी किडनीवर हल्ला करू नये म्हणून सून रोज गोळ्या घेत होती. गोळ्यांनी किडनी राखली, पण हात थरथरू लागले. आणि ती होती रफूगार. जळक्या कोटावर असा रफू करायची की मालकालाही ते भोक शोधून सापडू नये. आता सुईत दोरासुद्धा नवरा ओवून द्यायचा. दुकान नावापुरतं उघडं होतं.

डॉक्टरीणबाईंनी आशा लावली होती. आवरणाऱ्या पेशी पुरेशा असतील आणि त्या सासूबाईंची बाजू घेत असतील, तर गोळ्या हळूहळू कमी करता येतील. ते बघायला तिचं रक्त एका बशीत सासूबाईंच्या रक्तासोबत ठेवलं आणि तुलनेला दुसऱ्या बशीत नवऱ्याच्या. जिने किडनी दिली तिच्याशी सलोखा आणि दुसऱ्याशी भांडण, असा निकाल हवा होता. आला नेमका उलटा.

“आणि माझ्या बशीत?” नवऱ्याने विचारलं.

“एकदम शांत. आवरणाऱ्या मधे उभ्या राहिल्या, कुणी कुणाला बोट लावलं नाही.”

“बघ आई, हिचं रक्तसुद्धा अगदी चारचौघींसारखं निघालं. नवरा गोड, सासू कडू.”

एरवी सासूबाईंनी त्याला तिथल्या तिथे झाडला असता.

“गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण मला हे पटत नाहीये. किडनी तर झकास चालली आहे. थोडे दिवस द्या मला.”

घरी भांड्याला भांडं लागायचं थांबलं. एरवी उघड्या खिडकीवरून, ओल्या टॉवेलवरून, उकळून काळ्या झालेल्या चहावरून सासूबाईंचा पट्टा सकाळपासून सुरू असायचा. सून पाणी कमी प्यायली तर मग विचारूच नका. आता त्या पाण्याचा ग्लास तिच्यासमोर ठेवायच्या आणि मुकाट्याने निघून जायच्या. सकाळी फिरायला जायच्या त्या ऊन डोक्यावर आल्यावर परतायच्या. आपलं तोंड बघायला नको म्हणून, हे सुनेने ओळखलं.

तिला चोरी पकडल्यासारखं झालं होतं. किडनी दिली म्हणून काय उठता-बसता बोलणी खायची, असं ती मनात कितीदा म्हणाली होती. ओठांवर कधी आणलं नव्हतं. ते आता रक्ताने बशीत बोलून दाखवलं होतं. तिची आई याच दुखण्याने गेली होती. माहेरी देण्याजोगं कुणी उरलं नव्हतं. तेव्हा “मी धडधाकट आहे, मला तपासा” असं म्हणत या बाई परस्पर दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. आणि त्यांना हे फळ.

शेवटी न राहवून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“अहो आई, माझ्या मनात तसं काही नाही हो.”

“मन घाल चुलीत,” सासूबाई ओटा पुसता पुसता म्हणाल्या. “गोळी घेतलीस का?”

यापेक्षा त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

दवाखान्यातून पुन्हा तिघांनाही बोलावणं आलं. डॉक्टरीणबाई हसू दाबत होत्या.

“काकू, तुमच्या नावाच्या नळीतल्या पेशी पुन्हा नीट तपासल्या. त्या पुरुषाच्या आहेत.”

“इश्श!” सासूबाई म्हणाल्या.

“रक्त द्यायला आधी कोण बसलं होतं?”

नवऱ्याने हात वर केला. “नंबर आईचा होता. पण दुसऱ्याचं रक्त काढताना बघितलं की मला गरगरतं. म्हणून हिनेच मला पुढे ढकललं.”

“आणि आमच्या माणसाने नावं आधीच चिकटवून ठेवलेली. नाव न विचारता सुई टोचली. चूक आमची.”

“थांबा थांबा. म्हणजे मार मला पडला?”

“तुम्हालाच. काकूंना कुणी हातही लावला नाही. आणि तुमच्यात जेवढ्या काकू आहेत, बहुधा तेवढ्यांनाही नाही.”

“म्हणजे राहिला ह्याच्या बापाकडचा भाग,” सासूबाई म्हणाल्या. “बदड म्हणावं खुशाल. मीसुद्धा जन्मभर त्याच्याशीच भांडले.”

सून इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मग पुसतच राहिली. नवरा गाल फुगवून बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. रक्त पुन्हा घ्यायचं, या वेळी नाव विचारून. निकाल तोच आला की गोळ्या उतरवायला लागायचं, पण टप्प्याटप्प्याने आणि त्यांच्या नजरेखाली. घरच्या घरी शहाणपणा करायचा नाही. हातांची थरथरही कमी होईल. सुनेने हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत मान डोलावली.

ती उठली. सासूबाईही उठल्या.

“आणि काकू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “‘माझी दुसरीपण काढून हिला द्या’ म्हणून रोज सकाळी माझ्या दारात धरणं धरून बसता, ते आता बंद करा.”