पहिला रकाना

आईची वाचा गेली, म्हणून एका बोटानं लिहिता येईल असा प्रोग्राम मी तिला करून दिला. ती बटणं दाबायची, पण स्क्रीनवरची चौकट कोरीच. कीबोर्डचा फोकस मधेच दुसरीकडे पळत होता, म्हणजे दाबलेली अक्षरं चौकटीत न जाता भलत्याच विंडोत जात होती.

"तू लिहीत राहा, मी बघतो," म्हणून मी शेजारच्या खोलीत ठाण मांडलं. तिनं दाबलेलं प्रत्येक बटण फाइलमध्ये उतरत होतं: पहिल्या रकान्यात अक्षर, दुसऱ्यात ते कुठल्या विंडोत गेलं ते. अकरा दिवस मी फक्त दुसरा रकाना चाळला. अक्षरं गिळणारी लपलेली विंडो सापडली, तोवर आई गेली होती.

आज फाइल पुसताना पहिला रकाना वाचला. रोज एकच ओळ होती.

"मेल्या, खड्ड्यात घाल ते मशीन. जरा जवळ येऊन बस."