तिसरे पेडल

शनिवारी सकाळी एमिलियाने चहा गाळला, कोंबड्यांना दाणे टाकले आणि कपबशी घेऊन ती अंगणात आली. तिच्यामागे स्वयंपाकघराचा जाळीचा दरवाजा स्प्रिंगच्या ओढीने, रोजच्यासारखाच कुरकुरत, आपोआप मिटला. तिचा नवरा क्लेमेंट गाडीच्या काचा पुसत होता. काळी, लांबलचक, जुनी अमेरिकन गाडी. बोरीवलीच्या या गावठाणातली प्रत्येक नवरी वर्षानुवर्षे याच गाडीतून चर्चला गेली होती आणि प्रत्येक वेळी गाडी क्लेमेंटनेच चालवली होती. उद्या त्याच्या भावाची मुलगी बेला जायची होती.

मध्यंतरी त्याच्या डाव्या गुडघ्याने क्लच दाबायला नकार दिला. त्यावर उपाय म्हणून दहिसर नाक्याजवळच्या मार्तंड गॅरेजवाल्याने, एका वकिलातीच्या मोडीत निघालेल्या बऱ्याच नव्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हिच्यात बसवला होता. त्यासाठी तळाचा पत्रा कापावा लागला, शाफ्ट आखूड करावा लागला. क्लच गेला, ब्रेकवर नव्या गाडीची रुंद पट्टी आली. शेवटी मार्तंडने क्लचचे सुटे पेडल वर्तमानपत्रात गुंडाळून क्लेमेंटच्या हाती दिले आणि डाव्या पायाला आजपासून पेन्शन, असे जाहीर केले.

चहा संपल्यावर क्लेमेंटने एमिलियाला मागच्या सीटवर, नवरीच्या जागी बसवले आणि पाण्याने काठोकाठ भरलेला वाडगा तिच्या मांडीवर दिला. वरातीत गाडी बँडच्या मागून माणसाच्या चालीने जाते. वाडग्यातले पाणी सांडले नाही तर नवरीच्या डोक्यावरची फुलेही हलणार नाहीत, असा त्याचा हिशेब होता. बेला आणि तिचा भाऊ डेनिस शेजारच्या पायरीवर पाहत उभे राहिले. डेनिस लग्नासाठी बाहरीनहून आला होता. तिथे तो अशीच गाडी चालवत असे, एका पायाने.

गाडी निघाली ती लोण्यातून सुरी फिरावी तशी. विहिरीजवळच्या वळणावर मात्र क्लेमेंटचा डावा पाय जन्माच्या सवयीने गिअर बदलण्यासाठी खाली गेला. तिथे क्लच नव्हता. रुंद ब्रेक होता. गाडी थांबली, वाडगा थांबला नाही.

एमिलियाने शांतपणे तोंड पुसले. "बाप्तिस्मा तर दुसऱ्यांदा झाला माझा," ती म्हणाली. "आता लग्नाचं काय ते बघ."

परतीच्या वाटेवर तेच आणखी दोनदा झाले. कोंबड्या आधीच बाजूला होऊन उभ्या राहिल्या. डेनिसने सुचवले, की अंकलनी डावा पाय घरी ठेवून यावे. बेला हसली नाही. ती गाडीच्या खिडकीशी आली आणि दारावरची धूळ बोटाने पुसत म्हणाली, "अंकल, डेनिसला चालवू द्या ना उद्या. तुम्ही पुढे बसा, त्याच्या बाजूला."

इतक्या वर्षांत क्लेमेंट त्या गाडीत बाजूला कधीच बसला नव्हता. संध्याकाळी सांगतो, असे त्याने सांगितले.

दुपारी घरे निजली तेव्हा तो एकटाच गाडीत जाऊन बसला. इंजिन बंद होते. त्याने मनातल्या मनात विहिरीचे वळण घेतले आणि पायाकडे पाहत राहिला. पाय खाली गेला. पुन्हा वळण घेतले, पुन्हा गेला. पायाला गाडी थांबवायची मुळीच नव्हती. त्याला काहीतरी दाबायला हवे होते, एवढेच.

क्लेमेंट घरात आला. कपाटावरची वर्तमानपत्राची गुंडाळी त्याने सोडली, पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेतला, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थोडा वेळ उभा राहून मग स्टूलही घेतले.

संध्याकाळी तो वाडगा शेजारच्या सीटवर ठेवून एकटाच चर्चपर्यंत जाऊन आला आणि भरलेला वाडगा त्याने खिडकीतून बेलाच्या हाती दिला. वाटेत नळ कुठे लागला, असे डेनिसने विचारले. पण बेलाने वाडग्यात पाहिले, मग काकाकडे पाहिले, आणि तिने डेनिसला बँडबरोबर चालायला सांगितले.

रविवारी सकाळी एमिलिया स्वयंपाकघरात आली तेव्हा जाळीचा दरवाजा सताड उघडा होता आणि दोन कोंबड्या ओट्यावर चढल्या होत्या. तिने दरवाजा ढकलला. तो मिटला नाही, आणि कुरकुरलाही नाही. वरच्या बाजूला रिकामा हूक तेवढा दिसत होता. तिने दाराला पाटा टेकवला आणि ती नवे बूट घालून नवरीजवळ जाऊन बसली.

वरात निघाली. पुढे बँड, बँडपुढे नाचणारा डेनिस, आणि मागून गाडी. विहिरीच्या वळणावर क्लेमेंटचा डावा पाय भक्तिभावाने खाली गेला आणि वर आला. गाडीला त्याचा पत्ताही लागला नाही. बेलाच्या डोक्यावरची फुले जागच्या जागी होती. क्लेमेंटची मान ताठ होती.

चर्चचा चढ लागला तेव्हा रिवाजाप्रमाणे बँड थांबला. एकदम शांतता झाली. क्लेमेंटचा डावा पाय गिअर बदलायला खाली गेला, आणि पुढच्या सीटखाली स्वयंपाकघराचा दरवाजा कुरकुरत, सावकाश उघडून मिटला.

बेलाने चेहऱ्यावरची व्हेल जरा वर केली. "आंटी, हा कसला आवाज?"

एमिलियाने नवऱ्याच्या मानेकडे पाहिले. ती लाल होऊ लागली होती.

"माझे बूट गं," ती म्हणाली. "नवे आहेत ना."

आणि चर्चच्या दारापर्यंत, दर वेळी आवाज झाला की ती आपला पाय जरासा हलवत राहिली.